फितीची काळी बाजू

माझे वडील नागपुरात बँडवाल्यांचे कपडे शिवायचे. वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाच्या अंगात जो लाल कोट असतो, खांद्यावर सोनेरी झुपके आणि छातीवर जरीच्या आडव्या वेण्या, तो कुणीतरी शिवलेला असतो हे लोकांच्या डोक्यातही येत नाही. इतवारीतल्या एका बोळात तो बाबा शिवायचे. आमच्या घरी जेवणात केसाऐवजी जरीचा धागा सापडायचा आणि त्याबद्दल कुणी तक्रार करायचं नाही.

म्हणून व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नपासून वीस मिनिटांवरच्या एका विटांच्या इमारतीत कुणीतरी लाकडी कपाट उघडलं आणि आत मखमलीचे गळपट्टे, चांदीच्या झालरी, गोंडे लावलेल्या पट्ट्या ओळीने टांगलेल्या दिसल्या, तेव्हा मी तिथेच थांबले. अमेरिकेत येऊन मला चार वर्षं झाली होती. दुकानात, शाळेत, दवाखान्यात मी कायम परकी असायचे. त्या कपाटापुढे नव्हते. एक झालर सुटत आली होती, ती कुठून धरायची हे माझ्या बोटांना माहीत होतं.

ती इमारत म्हणजे एक लॉज. फोनवर हे सांगितल्यावर बाबा जरा चपापले, कारण आपल्याकडे लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरचं आणि तिथे मुलीने जाऊ नये असं. मग मी त्यांना समजावलं. इथे फार पूर्वी कामगार, शेतकरी, दुकानदार अशी माणसं एकत्र येऊन मंडळ्या काढायची. विमा नव्हता, पेन्शन नव्हती. एखादा आजारी पडला की मंडळीतले दोघे रात्रीचे उशाशी बसायचे, मेला तर खांदा द्यायचे, त्याच्या बायकोमुलांकडे बघायचे. पण नुसतं तेवढ्यासाठी माणसं येत नाहीत, म्हणून सोबत थाटमाट होता. गुप्त खुणा, परवलीचा शब्द, दारावर पहारेकरी, आणि हे सगळे जरीचे कपडे. हे कपडे शिवणाऱ्या कंपन्या होत्या, त्यांचे चित्रांचे कॅटलॉग यायचे आणि पोस्टाने ऑर्डर जायची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे बँडपार्टी, पण वाजवत नाहीत?"

मी म्हटलं, हो, साधारण तसंच.

आता या लॉजमध्ये सहा माणसं उरली होती, त्यातला सर्वांत तरुण एकाहत्तर वर्षांचा. इमारत विकली गेली होती आणि ती पाडून तिथे डेटा सेंटर होणार होतं. शेजारी एक आधीच उभं होतं, खिडक्या नसलेलं, दिवसरात्र घरघरणारं. उरलेल्या महिन्यांत लॉजवाल्यांनी हॉल आमच्या मराठी शाळेला शनिवारी वापरायला दिला होता. माझी दहा वर्षांची मुलगी आत जोडाक्षरं गिरवायची आणि मी बाहेरच्या पॅसेजमध्ये बसून राहायची. "आई, नोबडी एल्स इज लर्निंग धिस," असं ती दर शनिवारी गाडीत सांगायची आणि मी दर शनिवारी तिला तिथे घेऊन यायची. आपल्याला कुणी डांबलं की आपण दुसऱ्याला डांबतो, हा मनुष्यस्वभाव असावा.

कारण मीही डांबलेलीच होते. नवऱ्याचा व्हिसा कामाचा, माझा त्याच्या पदराला बांधलेला. लग्नाआधी मी नागपूरला मुलींच्या तंत्रनिकेतनात शिवणकाम शिकवत होते, पगार घेत होते. इथे मला काम करायची परवानगी नव्हती. शिवाय नवऱ्याने नोकरी बदलल्यामुळे आमची मुदतवाढ अडकून पडली होती. पासपोर्टवरचा जुना स्टॅम्प संपलेला, नवा कागद आलेला नाही. वकीलबाईने स्पष्ट सांगितलं होतं की देशात थांबा, काही अडचण नाही. बाहेर पडलात तर परत येताना नवा स्टॅम्प लागेल आणि त्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते ती सांगू शकत नाही. वर्षभर अडकलेली माणसं तिच्या माहितीत होती. थोडक्यात, मला जाता येत होतं, परत येता येत नव्हतं.

आणि बाबांचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पंपिंग कमी झालंय, औषधांवर जेवढं चालेल तेवढं. भाऊ होता तिथे, वहिनी होती, सगळं व्यवस्थित होतं. दर फोनला बाबा विचारायचे, "कधी येतेस?" आणि मी म्हणायची, पुढच्या महिन्यात कागद येईल, आला की लगेच. असे नऊ महिने गेले. नवरा म्हणाला, "तुला जायचं तर जा, मी बघतो हिला." तो मनापासून म्हणाला हे मला माहीत आहे. पण वर्षभर मुलीपासून लांब राहायची माझी तयारी नव्हती, आणि ती नाही हे मला कुणाला सांगायचंही नव्हतं. त्यामुळे मी सगळं खापर कागदावर फोडत होते.

लॉजच्या सेक्रेटरींनी मला झालरीवरून बोट फिरवताना पाहिलं होतं. पंचाहत्तरी उलटलेला, बारीक, पँटच्या खिशात कायम तीन पेनं ठेवणारा माणूस. मनातल्या मनात मी त्यांना सेक्रेटरीकाका म्हणायची. त्यांनी विचारलं, तुम्हाला यातलं कळतं का. गावातलं छोटं म्युझियम या वस्तू घ्यायला तयार होतं, पण नीटनेटक्या, यादी करून, बोर्डावर लावून हव्या होत्या. फुकट काम करायलासुद्धा मला आधी वकीलबाईला ईमेल करावी लागली. तिने उत्तर पाठवलं, म्हाताऱ्यांना मदत करण्यात काही गैर नाही, पण कुणी चहाव्यतिरिक्त काही दिलं तर घेऊ नका. ते पत्र मी छापून पर्समध्ये ठेवलं होतं.

मग मंगळवार आणि गुरुवारी सकाळी मुलीला शाळेत सोडून मी लॉजवर जायला लागले. मोठ्या खोलीच्या चारही भिंतींना खुर्च्या, मधे मोकळी जागा आणि तिथे एक छोटं लाकडी टेबल. एका टोकाला तीन पायऱ्या चढून अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची. तिथे आता एक बाई बसायच्या, चाळीस वर्षं स्कूल बस चालवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाज असा की शेवटच्या रांगेतलं पोर सरळ बसेल. पूर्वी बायकांना इथे प्रवेश नव्हता. माणसं कमी पडायला लागली तसं शहाणपण सुचलं, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

वस्तू एकेक निघत गेल्या. लोखंडी चष्मा, ज्याच्या काचांवर पत्र्याच्या झडपा होत्या. नव्या माणसाला तो घालून आंधळ्यासारखं खोलीत फिरवायचे आणि योग्य वेळी झडपा उघडायचे. जिन्याखालच्या कपाटात कागदाच्या लगद्याचा सांगाडा होता. झडपा उघडल्यावर हा समोर दिसायचा, म्हणजे तुझंही शेवटी असंच होणार हे लक्षात यावं. मराठी शाळेच्या एका बाईंनी गणपतीचं मखर ठेवायला ते कपाट उघडलं होतं आणि त्यानंतर दोन शनिवार त्या आल्या नाहीत. एक लाकडी पेटी होती, मतदानाची. आत पांढऱ्या गोट्या आणि काळे ठोकळे. नवा माणूस घ्यायचा की नाही ते यात हात घालून ठरवायचे. एक काळा ठोकळा पडला की त्याचा अर्ज फेटाळला. कुणी टाकला, का टाकला, विचारायचं नाही. मी म्हटलं, ही पद्धत मला ओळखीची आहे. सेक्रेटरीकाका हसले, पण त्यांना कळलं नसावं.

माझी खरी दोस्ती झाली ती दारावरच्या म्हाताऱ्याशी. तो आतल्या दाराचा पहारेकरी. दाराला डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं आणि त्यावर पितळी झाकण. सभा चालू असताना बाहेरून कुणी ठोकलं की तो झाकण सरकवून बघायचा, अध्यक्षांना सांगायचा आणि मगच दार उघडायचा. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ठोकणाऱ्याला बराच वेळ ठोकावं लागायचं. तरुणपणी तो दुधाची गाडी चालवायचा. आता सभाच होत नव्हत्या, तरी मी आले की तो दाराशी आपल्या स्टुलावर येऊन बसायचा आणि मला नियम सांगायचा.

एक नियम मला फार विचित्र वाटला. सभा सुरू झाल्यावर मधेच कुणाला बाहेर जायचं असेल, अगदी बाथरूमला, तर त्याने तडक दाराकडे जायचं नाही. आधी खोलीच्या मधल्या टेबलाशी यायचं, अध्यक्षांकडे तोंड करायचं, उजवा हात छातीवर ठेवायचा. अध्यक्ष विचारणार, कुठे जायचंय. आपण सांगायचं. मग ते परवानगी देणार आणि पहारेकरी दार उघडणार.

मी विचारलं, आणि नाही म्हणाले तर?

तो म्हणाला, बावन्न वर्षांत कुणाला नाही म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

मग विचारायचं कशाला, मी चिडूनच म्हटलं. परवानगी हा शब्द त्या दिवसांत मला नुसता ऐकवत नव्हता.

त्याने थोडा विचार केला. म्हणाला, आपण गेलोय हे खोलीला कळावं म्हणून. म्हणजे मग खुर्ची कुणी घेत नाही.

मला ते पटलं नव्हतं. खुर्च्या एवढ्या रिकाम्या पडल्या होत्या की घेणार कोण होतं?

मुख्य काम होतं फितींचं. प्रत्येक सभासदाची छातीवर लावायची एक रेशमी फीत असायची, वर पितळी पट्टी, खाली चांदीची झालर. पुढची बाजू लाल किंवा निळी, त्यावर सोनेरी अक्षरं. मागची बाजू काळी, त्यावर चांदीच्या अक्षरांत स्मरणार्थ अशा अर्थाचा मजकूर. एकच फीत, सणावाराला लाल बाजू पुढे करायची आणि कुणी सभासद गेला की उलटून काळी. हे बघून मी शिवणाऱ्याचं मनातल्या मनात कौतुक केलं. दोन फितींचा खर्च वाचला आणि माणूस दोन्ही प्रसंगांना तयार.

बाबांना मी हे सगळं व्हिडिओवर दाखवायची. ते उशीला टेकून बसायचे, वहिनी फोन धरायची. मी कॅमेरा टाक्यांजवळ नेला की ते चष्मा वर करून बघायचे. एका फितीचं त्यांनी निदान केलं, "हा टेलर डावखोरा होता, पाह्य. टाका उलटा पडून रायला." मी फीत उलटीसुलटी करून पाहिली तर खरंच. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी डावखुरा शिंपी त्या सकाळी आम्हाला दोघांना सापडला. त्या दिवशी बाबा चाळीस मिनिटं बोलले. कधी येतेस हे विचारायचं विसरले.

मग ते रोजच विसरायला लागले. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. काही दिवसांनी लक्षात आलं की ते विसरत नव्हते, त्यांनी विचारणं सोडलं होतं. त्याऐवजी ते म्हणायचे, "आज काय शिवलंस?"

फिती एकूण अडतीस निघाल्या. म्युझियमला त्या कापडाच्या बोर्डावर हव्या होत्या, रेशीम ताणलं जाऊ नये अशा बेताने. मी बाबांना विचारलं कसं करू. ते म्हणाले, चारी कडांनी बारीक टाचून घे, झोळ पडत नाही. मी म्हटलं, काळी बाजू मग दिसणार नाही, ती मेल्यावरची आहे. त्यांनी हात झटकला.

"मेल्यावरची बाजू कोणाले कशाले दाखवाची? भिंतीकडे कर अन् शिवून टाक."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. घरी बोर्ड डायनिंग टेबलावर पसरायचे, त्यावर ती काळी बाजू, आणि तिकडे बाबांची ती तब्येत. मी शिकलेली बाई आहे, शुभ-अशुभ मानत नाही असं म्हणते, पण मी त्या काळ्या बाजू एकेक करून खाली दाबल्या आणि असे घट्ट टाके घातले की पुन्हा कुणाला त्या दिसू नयेत. बाबांच्या दुकानात बँडच्या कोटाला घालायचे तसे, नाचलं तरी न सुटणारे. अडतीसच्या अडतीस. त्यातल्या सहा कपाटात नव्हत्या, अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात वेगळ्या ठेवलेल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्या जरा नव्या, स्वच्छ होत्या. मला वाटलं, चांगल्या अवस्थेतल्या म्हणून बाजूला काढल्या असतील. म्हणून त्या मी बोर्डाच्या मधोमध लावल्या.

एका मंगळवारी सकाळी मी घरून निघायच्या आत सेक्रेटरीकाकांचा फोन आला. दारावरचा म्हातारा झोपेतच गेला होता. गुरुवारी अंत्यविधी. मी सॉरी, सॉरी एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनी अडखळत विचारलं, आमच्या सहा फिती खणात नाहीत, तुमच्याकडे आहेत का? त्याचीही द्या. तो ती लावूनच जाणार.

फोन ठेवल्यावर मी बोर्डासमोर उभी राहिले. सहा लाल फिती, चारी कडांनी टाचलेल्या, इंचाला दहा टाके. जिवंत माणसांच्या. मी त्यांना म्युझियममध्ये जमा करून टाकलं होतं. इतकी लाज मला त्या देशात आधी कधी वाटली नव्हती.

तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते. मी भावाला व्हिडिओ कॉल लावून फोन बाबांना द्यायला सांगितलं. त्यांचा आवाज खोल गेला होता. काय झालं ते सांगितलं. त्यांनी वहिनीला पाठीमागे उशी लावायला सांगितलं. मग म्हणाले, "मीच सांगतलं होतं तुले. माही चूक हाये." मी म्हटलं, नाही बाबा, मलाच करायचं होतं. ते म्हणाले, "कैची नको घेऊ. ब्लेड घे. रेशीम ओढू नको, टाका मधोमध काप, मागून काढ. उसवाले शिवण्यापेक्षा वेळ लागते."

त्यांनी फोन ठेवू दिला नाही. मी टेबलावर फोन उभा केला आणि उसवत बसले. ते बघत होते, मधेच डोळे मिटत होते, मधेच म्हणत होते, हळू. दोन तास लागले. सहावी फीत मोकळी झाली, ती मी उलटून त्यांना दाखवली. काळी बाजू, चांदीची अक्षरं, एकही सुरकुती नाही. त्यांनी मान डोलावली. ते आमचं शेवटचं धड बोलणं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला माहीत होतं.

गुरुवारी पाच म्हातारे काळ्या फिती लावून ओळीत उभे राहिले. म्हाताऱ्याच्या कोटावरही तीच, मी उसवलेली. प्रत्येकाने सदाहरित झाडाची एकेक डहाळी शवपेटीवर ठेवली, म्हणजे आठवण हिरवी राहते म्हणतात. अध्यक्षबाईंनी माझ्याही हातात एक दिली. मी ठेवली आणि मागे सरकले. फिती आता तीस दिवस काळ्याच राहणार होत्या, तो त्यांचा दुखवट्याचा काळ.

त्यानंतर अकरा दिवसांनी बाबा गेले.

भावाने विचारलं, थांबायचं का तुझ्यासाठी. दीड दिवसात मी पोचू शकले असते. तिकीट होतं, मी पाहिलं. नवरा पासपोर्ट हातात घेऊन उभा होता. मी वकीलबाईला ईमेल केली, तिने तेच उत्तर पाठवलं, शेवटी आय अ‍ॅम सो सॉरी. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, आर यू कमिंग बॅक इफ यू गो?" मी तिला हो म्हणू शकले नाही, म्हणून मी भावाला म्हटलं, थांबू नकोस. एवढंच म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही आणि त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे आणि आजही त्याच्यावर रागावलेली आहे. त्याने हट्ट धरायला हवा होता.

मी अंत्यविधी फोनवर पाहिला. इकडे सकाळ होती, खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी आली होती. ज्याने फोन धरला होता त्याचा हात हलत होता, त्यामुळे बराच वेळ मला लोकांच्या चपला आणि माती दिसली. बँडवाले आले होते. आपले कोट घालून, न वाजवता, रांगेत उभे. ते सगळे कोट बाबांनी शिवलेले होते.

लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. इथल्या मराठी मंडळातल्या बायका पिठलं-भात घेऊन आल्या, फॉइलच्या ट्रेमध्ये. कुणी कागदाचं विचारलं, कुणी म्हणाल्या, आमचंही असंच झालं होतं यार, माझ्या आईच्या वेळी. तिघीचौघींचं असंच झालं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत बसून सगळ्या आपापले हुकलेले अंत्यविधी सांगत होत्या आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी लॉजची शेवटची सभा होती. मी जाणार नव्हते. पण उरलेल्या बत्तीस फितींचा बोर्ड माझ्याकडे होता आणि तो त्या दिवशी म्युझियमला द्यायचा ठरलं होतं. सेक्रेटरीकाकांना मी आधीच कळवलं होतं, वडील गेले म्हणून उशीर होईल. मी पोचले तर त्यांनी बोर्ड हातातून घेतला आणि भिंतीशेजारच्या एका खुर्चीकडे बोट केलं. बाहेरच्यांना सभेत बसता येत नाही. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, शेवटच्या दिवशी आम्हाला कोण विचारणार आहे.

पाच जण होते. काळ्या फिती लावलेले. दाराशी आता सेक्रेटरीकाकाच उभे होते. अध्यक्षबाई पायऱ्या चढून खुर्चीत बसल्या, लाकडी हातोडी एकदा आपटली, जुन्या शब्दांत काहीतरी वाचायला लागल्या. समोरच्या दोन माणसांच्या खांद्यांवरून चांदीच्या झालरी लोंबत होत्या. त्यातल्या एका झालरीत मी बाबांना विचारून टाका घातला होता. तो टाका मला तिथूनही ओळखू आला, आणि माझ्याच्याने तिथे बसवेना.

मी उठले आणि तडक दाराकडे गेले. सेक्रेटरीकाकांनी दार उघडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, मान वळवून, खोलीच्या मध्याकडे खूण केली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथेही? पाच म्हातारे, पाडायला काढलेली इमारत, आणि इथूनही मला विचारून जायचं? मी त्यांना काहीतरी लागेल असं बोलणार होते. पण ते तसेच उभे होते, हात दाराच्या मुठीवर, डोळ्यांत पाणी. मी मागे फिरले. मधल्या टेबलाशी गेले. अध्यक्षबाईंकडे तोंड केलं. हात छातीवर कधी गेला ते कळलं नाही.

त्यांनी वाचन थांबवलं होतं. विचारलं, "कुठे जायचं आहे?"

त्यांना अर्थातच इंग्रजीत सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून मराठी निघालं. "बाबांकडे."

त्यांना तो शब्द कळला नसेल. कळलाही असेल. त्यांनी कागद खाली ठेवला आणि तो शाळेच्या बसमधला आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "जा. दार उघडं आहे. तुझी खुर्ची इथेच राहील."

मी मध्ये उभी होते तेवढ्यात बाकीचे चौघेही उठून उभे राहिले होते. सेक्रेटरीकाकांनी दार उघडलं. मी पॅसेजमधून, बाहेरच्या दारातून, तीन पायऱ्या उतरून बाहेर आले.

बाहेर पार्किंग लॉट होता. माझी गाडी, त्यांच्या चार गाड्या, कुंपणापलीकडे ते खिडक्या नसलेलं घरघरणारं खोकं. मी गाडीपर्यंत गेले, किल्ली काढली, पुन्हा पर्समध्ये ठेवली. तिथे उभी राहून मी मोठ्याने रडले, बाबांना जाऊन चार दिवस झाल्यावर पहिल्यांदा. घरघरीत कुणाला ऐकू गेलं नसेल. मग तोंड पुसलं. जायला दुसरी कुठली जागा मला सुचली नाही.

परत आले. दार बंद होतं. मी ठोकलं. पितळी झाकण सरकलं, भोकात सेक्रेटरीकाकांचा डोळा दिसला, आणि लगेच दार उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. आत कुणी पुढचं वाचलेलं नव्हतं, सगळे अजून उभेच होते. माझी खुर्ची तशीच रिकामी ठेवलेली होती. मी जाऊन बसले. पण बाबांकडे मी जाऊन आलेच नव्हते.